एलडीचा कागद नववीत, अडखळणं तिसरीपासून

एका पानावर ‘पाणी’ हा शब्द चार वेळा आला होता आणि चारही वेळा वेगळा लिहिला होता. पाणि, पानी, पणी, आणि एकदा नुसतंच ‘पा’, पुढे खाडाखोड. नववीची सहामाही, मराठीचा पेपर, तपासणारी मी. चारही शब्दांखाली लाल रेघ मारली, समासात ‘शुद्धलेखनाकडे लक्ष दे’ असं लिहिलं, ऐंशीपैकी अकरा गुण टाकले आणि गठ्ठ्यातला पुढचा पेपर ओढला. तेव्हा माझ्या नोकरीला सोळा वर्षं झाली होती. ज्याला नियम माहीत नसतो किंवा जो आळस करतो, तो सहसा एकाच प्रकारे चुकतो. ‘पानी’ लिहिणारा दहाही वेळा ‘पानी’च लिहितो. चार वेळा चार तऱ्हांनी चुकणाऱ्या या मुलाच्या डोळ्यांसमोर शब्दाचं रूपच टिकत नाहीये, हे मला त्या दिवशी कळलं नाही.

कळलं ते दोन महिन्यांनी, आणि तेही योगायोगाने. कबड्डी खेळताना त्याच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं, हाताला प्लास्टर आलं, म्हणून घटक चाचणी मी तोंडी घेतली. धड्यातला म्हातारा गाव सोडून का जातो, हे त्याने असं सांगितलं की मी पेन खाली ठेवलं. वर्गातल्या पहिल्या पाचांपैकी कुणीही तसं लिहिलं नव्हतं. वीसपैकी सतरा गुण मी दिले, आणि त्या रात्री सहामाहीचा जुना गठ्ठा काढून त्याचा पेपर पुन्हा वाचला. उत्तरं तिथेही होती. अक्षरांच्या चिखलात रुतलेली, पण होती.

अध्ययन अक्षमता हा शब्द मी त्याआधी ऐकलेला होता. बी.एड.ला एक प्रकरण असतं, त्यात डिस्लेक्सिया म्हणजे वाचनातली अडचण, डिसग्राफिया म्हणजे लेखनातली, डिस्कॅल्क्युलिया म्हणजे गणनातली, अशा व्याख्या पाठ केल्या होत्या. पालक आणि शिक्षक या सगळ्याला मिळून ‘एलडी’ म्हणतात. माझ्या मनात मात्र कुठेतरी असं पक्कं बसलेलं होतं की हा शहरातल्या इंग्रजी शाळांतला प्रकार आहे. इंग्रजीत उच्चार एक आणि स्पेलिंग भलतंच असतं, म्हणून तिथली मुलं अडखळत असतील. आपली मराठी जशी बोलतो तशी लिहितो, इथे काय अडायचंय? हा गैरसमज माझ्या एकटीचा नाही, शिक्षकांच्या खोलीत तो आजही रोज ऐकू येतो. म्हणून आधी त्याच्याबद्दल बोलते.

देवनागरी नियमबद्ध आहे हे खरं, पण नियमबद्ध म्हणजे सोपी असं नाही. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि ऐकायची मात्र ‘क’ नंतर. ‘र’ तर एक अक्षर असून चार वेष घेतो: ‘क्रम’मध्ये पायाशी तिरपा, ‘ट्रक’मध्ये काकपदासारखा, ‘अर्क’मध्ये पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, ‘सुऱ्या’मध्ये आडवा. डोक्यावरचा रफार तर ज्या अक्षरावर बसतो त्याच्या आधी उच्चारायचा असतो. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘ख’ आणि ‘रव’ यांच्यातला फरक एका गाठीचा किंवा एका फटीचा. शेवटचा इकार दीर्घ, हा नियम मुलाने कसाबसा धरला की ‘आणि’ समोर येतो आणि म्हणतो, मी अपवाद. पाचवीपासून हिंदी सुरू झालं की आपल्या दीर्घ ‘कवी’चा तिकडे ऱ्हस्व ‘कवि’ होतो. तीच लिपी, तोच शब्द, वेगळी वेलांटी. ज्या मुलाला वेलांटीची दिशा आधीच पक्की सापडत नाही, त्याने हे कसं सांभाळायचं? पहिलीपासून हिंदी आणायच्या प्रश्नावर 2025 साली राज्यात रान उठलं, जूनच्या अखेरीस सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. अस्मितेवर आणि राजकारणावर भरपूर बोलणं झालं. वर्गातल्या ज्या मुलांना एकाच भाषेची अक्षरं लावताना घाम फुटतो, त्यांच्याबद्दल त्या सगळ्या गदारोळात मला फारसं काही ऐकू आलं नाही.

गणिताचंही तसंच. ‘त्रेचाळीस’ ऐकताना आधी तीन ऐकू येतात, मग चाळीस. लिहायचे मात्र आधी चार. एकोणसाठमध्ये नाव साठाचं आणि आकडा पन्नासातला. बहुतेक मुलं चौथीपर्यंत ही वळणं अंगवळणी पाडतात. काही मुलं नववीतसुद्धा त्रेचाळीस ऐकून 34 लिहितात आणि पुढचं सगळं गणित बरोबर सोडवून उत्तर चुकवतात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा विधिमंडळापासून फोनवरच्या विनोदांपर्यंत तिची यथेच्छ टिंगल झाली. जुनी पद्धत काढलेली नव्हती, तिच्यासोबत ही दुसरी वाट दिली होती. विषय समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी ते परोपरीने सांगितलं. मुलांना जोडाक्षरांचे आकडे जड जातात, हा त्यांचा साधा मुद्दा होता. त्यांचा उपाय सर्वांना पटायलाच हवा होता असं मी म्हणत नाही. पण मुलाला काही जड जातं, हे ऐकल्यावर आपलं पहिलं उत्तर हसू असतं, हे त्या वेळी दिसलं. वर्गात त्या मुलाच्या वाट्याला रोज तेच येतं.

आता दहावीकडे येते. महाराष्ट्राने या मुलांसाठी फार आधी पाऊल उचललं होतं. 1996 पासून राज्यात एलडीच्या मुलांना परीक्षेत सवलती आहेत, तेव्हा देशात इतरत्र या शब्दाची फारशी ओळख नव्हती. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या महापालिकेच्या रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी आणि पालकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं खपून काम केलं आहे. दर तासामागे वीस मिनिटं जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणं, एका भाषेऐवजी कार्यानुभवाचा विषय, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित आणि जोडीला एक कार्यानुभवाचा विषय. कागदावर हे चांगलं आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पुढे 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आला, 2017 च्या एप्रिलपासून लागू झाला, आणि दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेला जागा मिळाली. त्या कायद्याचं सोळावं कलम मी पुन्हा पुन्हा वाचते. मुलांमधली अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखणं आणि त्यावर शिकवण्याचे योग्य उपाय करणं, हे काम त्या कलमाने शाळांच्या कर्तव्यांत घातलं आहे. आईबापांच्या कर्तव्यांत ते कुठेही नाही. सतराव्या कलमात तर दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करायला सांगितलं आहे.

प्रत्यक्षात काय होतं? ओळखण्याचं, दाखवण्याचं, सिद्ध करण्याचं आणि मागण्याचं सगळं काम पालकाच्या डोक्यावर पडतं. मला या लेखात एवढंच ठासून म्हणायचं आहे: हे ओझं घरातून उचलून शाळेवर ठेवलं पाहिजे, आणि ते दहावीचा फॉर्म भरताना ठेवून उपयोग नाही, तिसरीत ठेवलं पाहिजे. मुलाच्या सवलतीचा कागद मुलापर्यंत चालत आला पाहिजे. आज मूल आणि त्याची आई त्या कागदाच्या मागे धावतात.

त्या मुलाची आई द्राक्षाच्या बागेत मजुरीला जायची, वडील दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचे. आमच्या तालुक्यात ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतल्या एक विशेष शिक्षिका आहेत, त्यांनी त्याला तपासून सांगितलं की जिल्ह्याला न्या. जिल्ह्याच्या रुग्णालयात पहिल्या खेपेला कळलं की मानसतज्ज्ञ ठरावीक वारीच येतात. दुसऱ्या खेपेला बुद्ध्यांकाची चाचणी झाली, बाकीच्या चाचण्यांसाठी पुढची तारीख मिळाली. तिसऱ्या खेपेला शाळेचं पत्र हवं होतं ते मी ज्या नमुन्यात दिलं तो नमुना चालला नाही, म्हणून चौथी खेप. चार दिवसांची मजुरी बुडाली, चार वेळा एसटीचं भाडं गेलं, आणि प्रत्येक खेपेला आईने मला फोन करून एकच विचारलं, “बाई, ह्यो येडा हाय असं लिहून देनार न्हाईत ना?” मी तिला समजावत राहिले की बुद्धी चांगली आहे म्हणूनच हा कागद मिळतो. चौथ्या फोननंतर तिचा विश्वास बसला असावा. कागद हातात आला तोवर मुलगा दहावीत गेला होता.

रुग्णालयातल्या कुणाला मी दोष देत नाही. एका तज्ज्ञाकडे अख्खा जिल्हा पाठवला तर दुसरं काय होणार? भारतातल्या वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये अध्ययन अक्षमतेचं प्रमाण साधारण 5 ते 15 टक्क्यांच्या घरात येतं. आपण कमीत कमी आकडा धरू. दरवर्षी पंधरा लाखांच्या वर मुलं राज्य मंडळाच्या दहावीला बसतात, त्यांचे पाच टक्के म्हणजे पाऊण लाख. चाळीसच्या वर्गात दोन मुलं. तोवरच्या सोळा वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून किती गेली असतील, याचा हिशेब मी एकदा मांडायला घेतला होता आणि अर्धवट सोडला.

वयाची गोम आणखी वेगळी. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे प्रमाणपत्र आठ वर्षांनंतर देता येतं, मग चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी, अठराव्या वर्षी पुन्हा, आणि त्यानंतरचं कायमचं. आठ वर्षं म्हणजे तिसरी. म्हणजे दार तिसरीत उघडतं. आपली मुलं त्या दारापाशी पोहोचतात ती चौदाव्या वर्षी, नववीत. मधली सहा वर्षं कुठे गेली? आठवीपर्यंत नापास करायचं नाही, हे धोरण मूल शाळेत टिकावं म्हणून आलं आणि ते योग्यच होतं. पण नापास करायचं नाही याचा अर्थ बघायचंही नाही, असा आपण लावून घेतला. मूल वाचत नाही हे चौथीच्या बाईंना माहीत असतं, सहावीच्या सरांना माहीत असतं. प्रगतिपुस्तकावर मात्र ‘वाचनाचा सराव आवश्यक’ एवढंच येतं. आता राज्यानेही पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली आहे, नापास झालं तर पुनर्परीक्षा. ज्या मुलाला अक्षरं लागत नाहीत त्याला तोच पेपर दोन महिन्यांनी पुन्हा देऊन काय साधणार? मधल्या दोन महिन्यांत त्याला वेगळ्या पद्धतीने वाचायला शिकवणारं माणूस हवं, आणि नेमकं तेच माणूस शाळेत नसतं.

नववीत मग सगळं एकदम अंगावर येतं. आठवीपर्यंत ढकलत आलेल्या मुलाला पहिल्यांदा खरा नापासाचा शेरा मिळतो, आणि शाळेला पहिल्यांदा दहावीचा निकाल दिसू लागतो. ‘शंभर टक्के निकाल’ हा फलक जूनमध्ये फाटकावर लावायचा असतो. मग पालकांना बोलावून सांगितलं जातं की याला नियमित बसवू नका, सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा, शाळेचा ताण नको मुलाला. ऐकायला हे काळजीचं वाटतं. त्या सल्ल्याने मुलाचं काय जातं ते सांगते. रोजची शाळा जाते, बाक जातो, सराव परीक्षा जातात, आणि ज्या एका शिक्षकाला त्याची अडचण कळण्याची शक्यता होती तोही जातो. बाहेरून बसलेला मुलगा बहुतेक वेळा फेब्रुवारीपर्यंत कुठल्यातरी गॅरेजवर किंवा सेंट्रिंगच्या कामावर लागलेला असतो. शाळेचा निकाल मात्र स्वच्छ राहतो. माझं मत ठाम आहे: जी शाळा नववीतून मुलं बाहेर काढते तिच्या शंभर टक्क्यांना काहीही किंमत नाही. पाचवीत किती मुलं आली आणि त्यांतली किती दहावी पास होऊन गेली, हा आकडा फलकावर लिहा, मग बोलू.

दहावी एवढी कशाला हवी, असंही मला शहाणी माणसं विचारतात. मुलाच्या हातात कला असते, त्याला कशाला बोर्डाच्या परीक्षेत पिळायचं? डिस्लेक्सिया असूनही मोठ्या झालेल्या शास्त्रज्ञांची आणि नटांची नावं मग पुढे केली जातात. मला हे बोलणं आवडत नाही. माझा विद्यार्थी कुणी शास्त्रज्ञ होणार नव्हता, आणि तो असामान्य निघाला तरच त्याला मदत करायची असा काही करार नव्हता. साध्या मुलालाही साधी दहावी पास होण्याचा हक्क आहे. आज शिपायाच्या जागेला दहावी लागते, आयटीआयच्या बऱ्याच ट्रेडला दहावी लागते, आखातात कामाला जायचं तर दहावी पास असलेल्याच्या पासपोर्टवर, कामासाठी देश सोडण्याआधी सरकारी परवानगी घेण्याची अट लागत नाही. बँकेत, लग्नाच्या बैठकीत, बचत गटाच्या कर्जात, सगळीकडे ‘दहावी नापास’ हे शब्द माणसाच्या आधी पोहोचलेले असतात.

आता सवलतींकडे जरा जवळून बघू, कारण कागद मिळाला म्हणजे झालं असं आम्हालाही वाटलं होतं.

पहिला प्रश्न गणिताचा होता. सातवीच्या पातळीचं गणित घेतलं की पास होणं सोपं, असं सगळ्यांनी सुचवलं. ज्याला संख्याच उमगत नाहीत, डिस्कॅल्क्युलिया आहे, त्याच्यासाठी ही सवलत जीव वाचवणारी आहे. पण या मुलाची अडचण वाचन-लेखनाची होती, गणिताची नव्हती. त्याला डिप्लोमा करायचा होता. दहावीला गणित सोडलं की पुढे गणितावर उभे असलेले रस्ते बंद होतात, आणि पंधराव्या वर्षी घाईत बंद केलेला रस्ता विसाव्या वर्षी उघडत नाही. शाळेला पास झालेलं डोकं हवं असतं, पालकाला सुटका हवी असते, म्हणून अनेक ठिकाणी सरसकट ही सवलत गळ्यात मारली जाते. कुठली सवलत घ्यायची आणि कुठली घ्यायची नाही, हे मुलाशी बसून, त्याची अडचण नेमकी कुठे आहे हे बघून ठरवायला हवं. आम्ही गणित ठेवलं.

दुसरा प्रश्न लेखनिकाचा. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणून नववीतली एक चुणचुणीत मुलगी तयार झाली. विभागीय मंडळाची परवानगी परीक्षेच्या जेमतेम आठवडाभर आधी हातात पडली, त्यामुळे दोघांचा एकत्र सराव झाला फक्त दोनदा. पहिल्या सरावात तो उत्तर सांगायला लागला आणि दुसऱ्याच वाक्याला थांबला. आयुष्यात त्याने कधी कुणाला लिहून घ्यायला सांगितलेलं नव्हतं. किती वेगाने सांगायचं, वाक्य कुठे तोडायचं, ‘नवा परिच्छेद’ म्हणायचं की नाही, मागचं काय लिहिलं गेलंय ते पुन्हा वाचून घ्यायचं का, काहीच माहीत नव्हतं. भूमितीच्या सरावात तर दोघंही रडकुंडीला आली. वर्तुळावरच्या पी बिंदूतून स्पर्शिका काढायची होती. स्पर्शिका दहावीत येते, त्या मुलीने हा शब्द ऐकलेलाच नव्हता. तो म्हणाला, “ओपी जोड आणि पुढं वाढव.” तिने ओपी जोडली. “आता पीवर लंब.” तिने लंब ‘ओ’ या केंद्रबिंदूवर काढला. त्याने पट्टी हातात घेतली आणि लगेच मागे ठेवली, कारण नियमाप्रमाणे लिहायचं काम लेखनिकाचं. मग बोट टेकवून त्याने तिला कंपास कुठे रोवायचा ते दाखवलं. एका रचनेला अठरा मिनिटं गेली.

तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त मिळतो, लोकांना वाटतं की केवढी ही खैरात. तो तास असा जातो. सांगून लिहून घेणं हे एक कौशल्य आहे, ते पाचवी-सहावीपासून शिकवावं लागतं. ज्या मुलाला दहावीत लेखनिक मिळणार आहे, त्याला आठवीच्या घटक चाचणीत, नववीच्या सहामाहीत लेखनिक मिळाला पाहिजे. दहावीच्या फेब्रुवारीत पहिल्यांदा दिलेला लेखनिक म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलल्यावर टाकलेला दोर आहे. दोर खराच असतो, पण तो धरायचा कसा हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

उशिरा मिळालेला हक्क कसा हातातून निसटतो, याचा दाखला सर्वोच्च न्यायालयातही आहे. 2021 च्या ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला केंद्रावर जादा वेळ नाकारला गेला. न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्पष्ट म्हटलं की तिच्यावर अन्याय झाला, परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेने तो दूर करण्याचा मार्ग शोधावा. पण फेरपरीक्षा मिळाली नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत, लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या खटल्यात, याच न्यायालयाने किमान चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट दाखवून लेखनिक नाकारता येणार नाही असा निकाल दिला होता. कायदा माणसाच्या बाजूने उभा आहे. पेपरच्या दिवशी केंद्रावर उभ्या असलेल्या पर्यवेक्षकापर्यंत तो पोहोचायचा आहे. आमच्याही मुलाला एका पेपरला जादा वेळ संपायच्या वीस मिनिटं आधी विचारलं गेलं, “अजून झालं नाही का?” परवानगीचं पत्र बाकावर समोर होतं.

गैरवापराचा मुद्दा मी टाळणार नाही, कारण तो खोटा नाही. नववीत अचानक एलडीचं प्रमाणपत्र आणणारी, जादा वेळ आणि गुण पदरात पाडून घेणारी सधन घरं आहेत, असं शिक्षकांमध्ये उघड बोललं जातं. त्यावर उत्तर म्हणून कागदपत्रं वाढवली जातात, तपासण्या कडक होतात, आणि त्या जाळीत अडकते ती बागेतल्या मजुरीवरची आई. ज्याच्याकडे पैसा आहे तो चौथी खेपही करतो, दहावीही करतो. खोट्या प्रमाणपत्राला खरा अटकाव फक्त एक आहे: शाळेची नोंद. तिसरीपासून दरवर्षी शाळेने मुलाच्या वाचन-लेखनाची नोंद ठेवली असेल, तर नववीत उगवलेला कागद त्या नोंदीशी ताडून बघता येतो. पाच वर्षं अस्खलित वाचणारं मूल एकाएकी वाचन अक्षम होत नाही. आणि पाच वर्षं नोंदीत अडखळणाऱ्या मुलाला पुन्हा स्वतःला सिद्ध करायला चार खेपा घालाव्या लागत नाहीत. एकाच वहीने दोन्ही कामं होतात.

साधनं नाहीत असंही नाही. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाची चाचणी तयार केली, ती हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. तिच्यात पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शिक्षकाने स्वतः भरायची प्राथमिक चाचपणी आहे. ती भरायला मानसतज्ज्ञ लागत नाही, वर्गावर रोज उभं राहणारं आणि मुलाकडे बघणारं माणूस लागतं. ती भरल्यावर ज्या दोन-तीन मुलांबद्दल शंका येईल, त्यांच्यासाठी तज्ज्ञाने वर्षातून दोनदा तालुक्याला यावं, पंचायत समितीच्या सभागृहात बसावं. डोळ्यांच्या शिबिराला डॉक्टर तालुक्याला येतात, तसे इथे का येऊ नयेत? चाचण्या आईबापांच्या गावाजवळ आल्या की चार मजुऱ्या वाचतात. आणि केंद्रागणिक, म्हणजे शाळांच्या प्रत्येक गटामागे, विशेष शिक्षक कायमचा हवा. आमच्या विशेष शिक्षिकेने कित्येक वर्षं कंत्राटावर काढली, दर वर्षी मुदतवाढीच्या पत्राची वाट बघत. तिच्या वाट्याला इतक्या शाळा आहेत की एका मुलाजवळ आठवड्यातून एकदा अर्धा तास बसणंही तिला जमत नाही. सवलतीने मूल परीक्षेतून पार पडतं, पण वाचायला शिकत नाही. अक्षराचा आवाज सुटा करून, वाळूत बोटाने गिरवून, तेच जोडाक्षर आठ दिवस वेगवेगळ्या शब्दांत घोळवून वाचायला शिकवावं लागतं, आणि ते आठव्या-नवव्या वर्षी जितकं लवकर येतं तितकं पंधराव्या वर्षी येत नाही.

वर्गात आज, उद्या, कुठल्याही शासन निर्णयाची वाट न बघता करता येण्यासारखंही पुष्कळ आहे. घटक चाचणीत प्रश्न मोठ्याने वाचून दाखवायला कुणाची परवानगी लागत नाही. इतिहासाच्या पेपरात मुलाला पानिपत कळलं की नाही हे बघायचं असतं, ‘पानिपत’ची वेलांटी नव्हे. धड्याचा मजकूर हल्ली फोन मराठीतून वाचून दाखवतो, घरी आई-वडिलांना वाचता येत नसलं तरी मूल धडा ऐकू शकतं. वर्गात एकेकाला उभं करून सगळ्यांसमोर प्रकट वाचन घेण्याची पद्धत मी बंद केली. त्या तासाला हा मुलगा दर वेळी पाणी प्यायला बाहेर जायचा, हे मला फार उशिरा आठवलं.

तो पास झाला. बावन्न टक्के, भूमितीसह. आता डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिथे पुन्हा नव्याने सवलतीसाठी अर्ज चालू आहेत.

त्यानंतर मी एक केलं. आमच्या शाळेत पाचवीला मुलं येतात ती आजूबाजूच्या चार जिल्हा परिषद शाळांतून. त्या शाळांतल्या शिक्षकांना भेटून मी एवढंच मागितलं की दाखल्यासोबत ज्या मुलांची काळजी वाटते त्यांच्याबद्दल चार ओळी लिहून पाठवा, कुठलाही नमुना नको. पहिल्या वर्षी दोन शाळांनी पाठवलं, गेल्या जूनमध्ये चारही शाळांनी. एका गुरुजींनी वहीचं अर्धं पान फाडून एका मुलीबद्दल लिहिलं आहे: “वाचताना ओळीवर बोट ठेवते, बोट काढलं की ओळ चुकते. जोडाक्षर आलं की थांबते आणि माझ्याकडे बघते. फळ्यावरचं उतरवायला दुप्पट वेळ लागतो. गोष्ट ऐकवली तर शब्दन् शब्द सांगते. आईला अजून बोललो नाही. तुम्ही बोला, मी सोबत येतो.” ते अर्धं पान तिच्या दाखल्याला टाचून ठेवलं आहे. विशेष शिक्षिका येत्या बुधवारी येणार आहेत.